तिसऱ्या पसंतीचा माणूस

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार, सकाळचे साडेआठ-नऊ. मी पुण्यात, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन. लेक्सिंग्टनमध्ये तेव्हा गुरुवारची रात्र चालू होती. आमच्या जुन्या रूममेट्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी येऊन पडली: केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा नवा कोच ठरला, मार्क पोप. मी चहा खाली ठेवला आणि टाइप केलं, "हा? एवढा तमाशा करून शेवटी हा?" मिनिटभरात दुसरा मेसेज: "ज्याला स्पर्धेत एक मॅच जिंकता आलेली नाही तो आपल्याला नववी ट्रॉफी आणून देणार." त्यावर सहा जणांनी हसण्याचा इमोजी टाकला. मला बरं वाटलं आणि मी अंघोळीला गेलो.

तीन दिवसांनी, सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅबमध्ये मी त्याच माणसाच्या स्वागताचा व्हिडिओ पाहत होतो आणि डोळे पुसत होतो. मधल्या तीन दिवसांत त्या माणसाने एकही मॅच खेळवली नव्हती. त्याच्याबद्दलची कुठलीही नवी माहिती मला मिळाली नव्हती. मग बदललं काय? हा प्रश्न दोन वर्षं माझ्या मागे लागलेला आहे, आणि अलीकडे एका वेगळ्याच कारणाने तो पुन्हा समोर आला. म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे कॉलेजच्या संघासाठी कोणी रडत नाही. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजची बास्केटबॉल टीम होती हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही गॅदरिंगच्या पत्रिकेवरून. केंटकीत गोष्ट वेगळी आहे. या राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. ना एनबीएचा, ना अमेरिकन फुटबॉलचा, ना बेसबॉलचा. डोंगरातल्या कोळशाच्या खाणींपासून घोड्यांच्या कुरणांपर्यंत सगळ्यांचा मिळून एकच संघ, विद्यापीठाचा, निळ्या रंगाचा. आठ वेळा राष्ट्रीय विजेता. त्यांचं रुप अरीना नावाचं स्टेडियम वीस हजारांच्या वर माणसं घेतं आणि लेक्सिंग्टन शहराची लोकसंख्या साधारण सव्वातीन लाख आहे. मी २०१९ मध्ये एमएसला तिथे गेलो तेव्हा मला बास्केटबॉलमधलं ट्रॅव्हलिंग म्हणजे काय तेसुद्धा माहीत नव्हतं.

पहिल्याच सेमिस्टरला, १२ नोव्हेंबरला, विद्यार्थ्यांचं तिकीट काढून मी रुपमध्ये गेलो. केंटकी देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि समोर एव्हान्सव्हिल नावाचं कोणी ऐकलेलंही नसलेलं कॉलेज. ६७-६४ ने हरलो. गंमत म्हणजे एव्हान्सव्हिलचा कोच केंटकीच्याच १९९६ च्या विजेत्या संघातला खेळाडू होता. मॅच संपल्यावर मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, आता काय? ते म्हणाले, आता घरी जायचं आणि पुढच्या मॅचला यायचं. पुढचा सीझन मी तिथे असताना ९ जिंकले आणि १६ हरले. म्हणजे मी चांगल्या काळाचा चाहता नाही. माझ्या वाट्याला आलेला केंटकी हरणाराही होता आणि तरीही, की म्हणूनच, तो 'आपला' झाला.

तेव्हाचा कोच जॉन कॅलिपारी. २००९ मध्ये आला, २०१२ मध्ये ट्रॉफी जिंकून दिली. त्याची पद्धत अशी की देशातली सगळ्यात हुशार पोरं गोळा करायची, एक वर्ष खेळवायची, मग ती एनबीएत जाणार. पहिली काही वर्षं लोकांनी डोक्यावर घेतलं. मग हळूहळू विटले. २०२२ मध्ये सेंट पीटर्स नावाच्या छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, २०२४ मध्ये ओकलंडने. त्या ओकलंडच्या एका पोराने दहा थ्री-पॉइंटर मारले होते. कॅलिपारीला काढायचं तर करारानुसार त्याला सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले असते, म्हणून कोणी काढत नव्हतं. आणि मग एप्रिलमध्ये तो स्वतःच उठून आर्कान्सासला गेला. त्याच कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्याकडे! लोक अनेक वर्षं 'जा बाबा एकदाचा' म्हणत होते, पण तो खरंच गेल्यावर त्याच लोकांना अपमान झाल्यासारखं वाटलं. नको असलेलं माणूस आपण सोडण्याआधी आपल्याला सोडून गेलं की जे होतं, तेच.

मग शोध सुरू झाला. कनेक्टिकटचा डॅन हर्ली, ज्याने नुकतीच लागोपाठ दुसऱ्यांदा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती, त्याचं नाव आलं. तो जिथे होता तिथेच राहिला. मग बेलरचा स्कॉट ड्रू, २०२१ चा विजेता. गुरुवारी सकाळी त्यानेही आपण बेलरलाच राहणार असल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री पोपचं नाव बाहेर आलं.

पोप कोण? १९९६ च्या विजेत्या संघाचा कॅप्टन. रिक पिटिनोच्या हाताखाली खेळलेला. पुढे एनबीएत थोडी वर्षं, मग चक्क कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकीचं शिक्षण, आणि ते अर्धवट सोडून कोचिंग. गेली पाच वर्षं तो बीवाययू, म्हणजे युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा कोच होता. मुख्य कोच म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत एकही विजय नाही. ज्या दिवशी ओकलंडने केंटकीला हरवलं त्याच दिवशी ड्यूकेन नावाच्या कॉलेजने पोपच्या बीवाययूला हरवलं होतं. लोकांच्या रागाला एवढा पुरावा पुरेसा होता.

त्या रात्री जे बोललं गेलं ते मी वाचत होतो आणि त्यात भर घालत होतो. स्वस्तातला पर्याय. खोगीरभरती. शरण गेले. एकाने लिहिलं होतं की आज केंटकी बास्केटबॉल मेलं. हे सगळं एका माणसाबद्दल, ज्याच्या चार मुली आहेत आणि ज्याच्याकडे आपल्यासारखाच फोन आहे.

आता नीट विचार केला तर त्या रागाचा पोपशी जवळपास संबंधच नव्हता. राग होता तो नकाराचा. आपल्याकडे स्थळं बघताना एखाद्या घराला लागोपाठ दोन नकार आले की तिसऱ्या होकाराचा आनंद होत नाही. उलट ज्याने होकार दिला त्याच्यातच खोट शोधली जाते: याने हो म्हटलं म्हणजे याच्यात काहीतरी कमी असणार. 'आम्ही केंटकी, आम्हाला कोणी नाही म्हणत नाही' ही लोकांची स्वतःबद्दलची समजूत त्या आठवड्यात दोनदा फुटली होती. हो म्हणणारा माणूस समोर आला, म्हणून फुटलेल्या काचा त्याच्यावर फेकल्या. नाही म्हणणारे सुटले. ड्रूला मी एक शब्दही बोललो नव्हतो.

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण मी स्वतः तिसरा आहे.

सध्याच्या नोकरीत लागून दोन महिने झाले असतील. एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दुसरंच काहीतरी शोधताना भरतीची एक एक्सेल शीट उघडली गेली. माझ्या नावापुढे ३ लिहिलं होतं. वरच्या दोन ओळींत दोन नावं आणि त्यांच्यापुढे 'ऑफर नाकारली'. बस, एवढंच. कोणी काही वाईट लिहिलं नव्हतं. तरी त्यानंतर कित्येक आठवडे मीटिंगमध्ये मॅनेजरने माझ्या बोलण्यावर मान हलवली की माझ्या मनात यायचं, यांना दुसऱ्याच कोणाचं ऐकायचं होतं. एकदा प्रॉडक्शनवर माझ्या चुकीने सर्व्हिस चाळीस मिनिटं बंद पडली तेव्हा तर मला खात्रीच होती की पहिल्या नंबरवाल्याच्या हातून हे झालं नसतं. तो पहिला नंबर मी कधी पाहिलेला नाही. त्याच्या हातून काहीच चुकत नाही, कारण तो इथे नाहीच.

न आलेल्या माणसाशी स्पर्धा करणं ही फार विचित्र शिक्षा आहे. हर्ली लेक्सिंग्टनमध्ये आला असता तर त्यानेही मॅचेस हरल्या असत्या, चिडला असता, कोणाशी तरी भांडला असता. पण तो आला नाही, म्हणून चाहत्यांच्या मनातला हर्ली कायम विजेताच राहणार.

तरी चाहत्यांना बोलण्याचा हक्कच नाही असं मी म्हणणार नाही. 'तुम्हाला काय कळतं, घरी बसा' हे मला पटत नाही. कारण जरा हिशेब करा. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात कोच गेला, त्याच्याबरोबर जवळपास सगळा संघही पांगला. पोपने बहुतेक दुसऱ्या कॉलेजांतून पोरं आणून अख्खा नवा संघ उभा केला. थिसियसच्या जहाजाचं कोडं तुम्ही ऐकलं असेल: एकेक फळी बदलत सगळंच जहाज नवं झालं तर ते तेच जहाज का? इथे एकेक करून बदलण्याचाही प्रश्न नव्हता, सगळ्या फळ्या एका महिन्यात गेल्या. मग 'केंटकी' म्हणून शिल्लक काय राहिलं? एक इमारत, एक रंग, आणि बघणारे लोक. माझ्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर सत्तरीचे एक निवृत्त बस ड्रायव्हर राहायचे. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत मॅच बघायची सवय त्यांना कॉवुड लेडफर्डच्या काळापासून होती, आणि लेडफर्ड १९९२ मध्येच निवृत्त झाला. त्यांनी पाच कोच पाहिले होते आणि खेळाडू तर किती. या सगळ्यात न बदललेली फळी कोणती असेल तर हे काका. मग निर्णयाबद्दल बोलायचा हक्क त्यांना नाही तर कोणाला?

पण निर्णयाबद्दल. हा मुद्दा मला माझ्या कामातून कळतो. कोडमध्ये बग सापडला की ती ओळ कोणी लिहिली ते शोधायची एक कमांड असते, तिचं नावच 'गिट ब्लेम'. नवीन असताना मी ती कमांड चालवून, नाव बघून, मनात त्या माणसाला शिव्या घालायचो. मग कळायला लागलं की त्याला ती ओळ तशी लिहायला सांगणारा कोणीतरी दुसराच होता, मुदत तिसऱ्याने ठरवलेली होती. पोपला निवडलं ॲथलेटिक डायरेक्टर मिच बार्नहार्टने. त्याला जाब विचारा, पाहिजे तेवढा विचारा: एवढं मोठं पद भरताना तुझ्याकडे यादी तयार का नव्हती? पोपचा गुन्हा एवढाच की फोन वाजल्यावर त्याने उचलला. त्याच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात आनंदाचा फोन. त्या आनंदाच्या रात्री आम्ही हजारो लोकांनी मिळून त्याला सांगितलं की तू नको होतास.

रविवारी, १४ एप्रिलला, विद्यापीठाने रुप अरीनाचे दरवाजे उघडले. फुकट प्रवेश. नुसती पत्रकार परिषद, मॅच नाही, काही नाही. स्टेडियम गच्च भरलं. आत जागा न मिळाल्याने लोक बाहेर राहिले. संघाची बस आत आली, त्यातून पोप उतरला, बरोबर जुने खेळाडू, आणि वीस हजार माणसं उभी राहिली. हेच ते लोक. गुरुवारच्या रात्रीचे आणि रविवारच्या दुपारचे लोक वेगळे होते असं कोणी म्हणेल, पण मी दोन्हीकडे होतो त्यामुळे मला तो बचाव उपलब्ध नाही. खालच्या मजल्यावरचे काका रांगेत उभे राहिले होते. मी मेसेज करून विचारलं, गुरुवारी तुम्हाला काय वाटलं होतं? त्यांचं उत्तर: "रात्री वाईट वाटलं. सकाळी उठलो तर तो आपला कोच होता."

मी या वाक्यावर बराच विचार केला आहे. पहिल्यांदा मला त्यात ढोंग वाटलं, म्हणजे माझं स्वतःचं ढोंग. मत बदललं तर कारण हवं. कारण नसताना बदललेलं मत म्हणजे वाऱ्यावरची वरात. पण आता मला वाटतं की रविवारी लोक मत देतच नव्हते. 'हा चांगला कोच आहे' असं त्या वीस हजारांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. ते माहीत होण्याआधी ते उभे राहिले. निवडणं आणि स्वागत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. निवडताना तुलना करावीच लागते. स्वागत तुलना संपल्यावर सुरू होतं, आणि तुलना चालू ठेवून केलेलं स्वागत समोरच्याला लगेच कळतं. पाहुणा दारात आल्यावर यजमान त्याचा बायोडेटा बघत नाही. आणि न बदलणारी फळी जर चाहतेच असतील, तर या घरातले यजमान तेच.

इथे थांबलो असतो तर निबंध गोड झाला असता. पण एक खडा दाताखाली येतो.

पोप त्यांचा होता. १९९६ चा कॅप्टन, निळ्या जर्सीतला. स्वागताला उभं राहायला कारण शोधायची गरज नव्हती, छतावर त्या वर्षाचा बॅनर लटकत होता. आपला तो बाळ्या. कोणी परका असता, असाच स्पर्धेत एकही विजय नसलेला, तर रुप भरलं असतं का? मला नाही वाटत. याच विद्यापीठात १९९७ मध्ये टबी स्मिथ आला, केंटकीचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. ज्या कार्यक्रमाने १९६६ ची प्रसिद्ध फायनल सगळा गोरा संघ घेऊन पाच कृष्णवर्णीय खेळाडूंच्या टेक्सस वेस्टर्नविरुद्ध हरली होती, तिथला. स्मिथने पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये, ट्रॉफी जिंकली. तरी पुढची नऊ वर्षं त्याच्या हरलेल्या मॅचेस मोजणारे लोक होते, सीझनला दहा पराभव झाले म्हणून त्याला 'टेन-लॉस टबी' असं नाव पाडलं, आणि २००७ मध्ये तो मिनेसोटाला निघून गेला. त्याचं सगळं श्रेय-अपश्रेय रंगाच्या खात्यावर टाकता येणार नाही, पण त्याला सिद्ध करूनही जे मिळालं नाही ते पोपला सिद्ध करण्याआधी मिळालं, हे मात्र खरं. 'आपला' हा शब्द जितका उबदार तितकाच त्याच्या बाहेर थंडी असते.

आणि तो शब्द फिरतोही. पिटिनो केंटकी सोडून गेला आणि पुढे कट्टर शत्रू लुईव्हिलचा कोच झाला, तेव्हा तो गद्दार होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोपच्या पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या सोहळ्याला तो रुपमध्ये आला आणि लोकांनी टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कान्सासचा संघ घेऊन आला, त्याला हुर्यो मिळाली, आणि तो ८९-७९ ने जिंकून गेला. (मी पहाटे उठून ती मॅच पाहिली. कॅलिपारी हसत असताना मला वाईट वाटलं की बरं, हे अजून ठरवता आलेलं नाही.) पोपचा पहिला सीझन ठीक गेला, ड्यूकला हरवलं, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळात पोहोचले. दुसऱ्या सीझनला, डिसेंबर २०२५ मध्ये नॅशव्हिलला गोंझागाने ९४-५९ ने धुतलं, आणि निळ्या कपड्यांतल्या लोकांनी आपल्याच संघाची हुर्यो केली. नव्याचे नऊ दिवस. मी त्या सकाळी ग्रुपवर काहीतरी टाइप केलं होतं. पाठवलं की नाही ते सांगत नाही.

आता ते वेगळं कारण. गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक जागा भरायची होती आणि या वेळी मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो. पहिल्याने ऑफर घेऊन आधीच्या कंपनीत पगार वाढवून घेतला. दुसरीने बंगळुरू निवडलं. तिसरा आला. सांगलीकडचा मुलगा, दोन वर्षांचा अनुभव, सिस्टिम डिझाइनच्या राउंडला अडखळला होता. तो जॉइन होण्याच्या आदल्या दिवशी टीमच्या ग्रुपवर, ज्यात तो अजून नव्हता, एकाने लिहिलं, "उद्या आपला बॅकअप प्लॅन येतोय." खाली चार हसणारे इमोजी. मी तो मेसेज बघितला. पाचवा इमोजी टाकला नाही, पण काही लिहिलंही नाही. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या दिवशी त्याला ग्रुपमध्ये घेण्याआधी ज्याने लिहिलं होतं त्याने स्वतःहून तो मेसेज डिलीट केला. त्याला जुने मेसेज दिसणार नव्हतेच. तरी केला.

पहिल्या दिवशी जेवायला मी त्याला घेऊन गेलो. ताट घेऊन बसल्यावर त्याने थोडा वेळ इकडचं तिकडचं केलं आणि मग विचारलं, "दादा, एक विचारू? डिझाइनच्या राउंडला माझी पार वाट लागली होती. तरी घेतलं कसं?"

मी म्हणालो, "आधीच्या दोघांनी नाही म्हटलं."

तो क्षणभर बघत राहिला.

"मलाही असंच घेतलंय," मी म्हणालो. "भात घेणार का अजून? उठतोच आहे मी."